एक डीलर, पाच खाती: चार सिस्टिममधला ग्राहक एकच कसा ठेवायचा

तुमचा प्रश्न मला असा समजला. सांगली जिल्ह्यात शेतीपंप आणि मोटारी बनवणारा कारखाना आहे. हिशेब टॅलीत, विक्रीची माणसं सीआरएमवर (ग्राहकांशी झालेला संपर्क नोंदवायचं सॉफ्टवेअर), वॉरंटी आणि दुरुस्तीची नोंद वेगळ्या सर्व्हिस ॲपमध्ये, आणि गोदामवाल्यांचं माल पाठवण्याचं स्वतःचं एक्सेल. एकच डीलर चार ठिकाणी चार नावांनी दिसतो. तुम्ही विचारलंय, ‘यातली कुठली सिस्टिम मास्टर, म्हणजे शेवटचा शब्द असलेली, धरायची, आणि त्यासाठी एमडीएमचं (मास्टर डेटा मॅनेजमेंट, म्हणजे अशा मूळ नोंदी एका जागी सांभाळण्याचं) सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?’

मी अठरा वर्षं हेच काम करते, बरंचसं पुणे, कोल्हापूर, नाशिक या पट्ट्यातल्या कारखान्यांत. सिस्टिम निवडण्यापासून सुरुवात केली की सहा महिन्यांनी माणसं परत याच प्रश्नावर येतात, हे मी अनेकदा पाहिलंय. म्हणून सिस्टिमचं उत्तर शेवटी देते. आधी तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत: तुमच्या धंद्यात ग्राहक म्हणजे नक्की कोण, दोन नोंदी एकाच ग्राहकाच्या आहेत हे ठरवण्याचा अधिकार कुणाला, आणि नवीन ग्राहक कुठल्या दारातून आत येणार.

एक प्रसंग सांगते, म्हणजे हे का ते कळेल. एका कारखान्यात वसुलीची यादी तपासत होतो. एका डीलरची टॅलीत पाच लेजर, म्हणजे पाच वेगळी खाती, निघाली. एकात नावाआधी ‘मेसर्स’, एकात ‘श्री’, एकात गावाचं नाव जोडलेलं, एक जीएसटी यायच्या आधीचं जुनं, आणि एक नवीन ऑपरेटरने घाईत उघडलेलं. टॅलीत उधारीची मर्यादा लेजरवर लागते. प्रत्येक लेजरला पाच लाखांची मर्यादा होती, त्यामुळे एकातली मर्यादा भरली की विक्रीचा माणूस दुसऱ्या नावाने बिल करायला सांगायचा. मालकांना वाटत होतं आपण त्या पार्टीला पाच लाखांपर्यंत माल देतो. प्रत्यक्षात त्याच्याकडे तेरा लाख अडकले होते. उलट्या बाजूने त्या डीलरचंही नुकसान झालं होतं. वर्षाच्या उलाढालीवर मिळणारी सूट प्रत्येक लेजरवर वेगळी मोजली गेली, आणि वरच्या टप्प्यात बसत असूनही त्याला खालच्या टप्प्याची क्रेडिट नोट (रक्कम त्याच्या खात्यात वळती केल्याची चिठ्ठी) गेली. तो चिडला होता आणि त्याचं चिडणं रास्त होतं. अशा वेळी लोक ‘डेटा घाण आहे’ म्हणतात. मला त्यात पैसे आणि नातं दोन्ही गळताना दिसतं.

आता ग्राहक म्हणजे कोण. तुमच्याकडे किमान तीन थर आहेत आणि ते एकाच रकान्यात कोंबल्यामुळे गोंधळ होतो. पहिला थर कायदेशीर पार्टीचा, म्हणजे ज्याचा पॅन आहे तो. दुसरा जीएसटी नोंदणीचा, कारण एकाच पॅनवर महाराष्ट्रात एक आणि कर्नाटकात दुसरी नोंदणी असू शकते; सांगलीच्या डीलरचं अथणीला दुकान असलं की हे हमखास होतं. तिसरा माल उतरवण्याच्या पत्त्याचा. या तिघांच्या वर मी एक चौथा थर ठेवते आणि त्याला सरळ ‘घर’ म्हणते. वडिलांची फर्म, सुनेच्या नावाची एजन्सी आणि धाकट्या भावाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पॅन तीन, जीएसटी क्रमांक तीन, तिजोरी एक. कुठलंही सॉफ्टवेअर हे नातं स्वतःहून शोधू शकत नाही. ते तुमच्या जुन्या विक्री अधिकाऱ्याच्या डोक्यात असतं. त्याच्याबरोबर दोन दुपार बसून ते कागदावर उतरवून घ्या, तो निवृत्त व्हायच्या आत.

उधारीची मर्यादा घरावर लावायची की फर्मवर, हे मालकांनी ठरवायचं आहे. मी घरावर लावायचा सल्ला देते, कारण अडचण आली की तिन्ही फर्मची वसुली एकदमच थांबते. पण भावाभावांत खरोखर वाटणी झाली असेल तर तेच चुकीचं ठरेल. इथे नियम चालत नाही, माहिती लागते.

जीएसटी क्रमांकाकडे जरा नीट बघूया, कारण डीलरच्या बाबतीत तो तुमचा सगळ्यात भरवशाचा धागा आहे. पंधरा जागा. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे जशाचा तसा पॅन. तेरावी जागा त्या पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगते, चौदाव्या जागी बहुधा इंग्रजी झेड असतो, आणि पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने निघतं. त्यामुळे कुणी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप केला तर ते गणित जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडता येते. एक्सेलमध्ये तिसऱ्या जागेपासून दहा अक्षरं कापून वेगळा रकाना करा, पॅन हातात आला. त्या पॅनचं चौथं अक्षर बघा: पी असेल तर मालक एकटी व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी फर्म, सी असेल तर कंपनी, एच असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. एवढ्यावरच तुमचे अर्धेअधिक डीलर नीट लावता येतात.

यात एक खाच आहे आणि ती शेतीपंपाच्या धंद्यात फार येते. तुमचे बहुतेक डीलर एकटे मालक असणार. अशा पार्टीच्या जीएसटी नोंदणीत कायदेशीर नाव मालकाचं असतं आणि दुकानाचं नाव ट्रेड नेम म्हणून वेगळं येतं. टॅलीत ऑपरेटरने पोर्टलवरून बघून मालकाचं नाव घातलं, सीआरएममध्ये विक्रीच्या माणसाने पाटीवरचं नाव घातलं. दोघांनीही चूक केलेली नाही, पण नावावरून जुळवायला गेलात तर या दोन नोंदी जन्मात जुळणार नाहीत. म्हणून मास्टरमध्ये दोन्ही नावांना वेगळे रकाने हवेत, आणि तिसरा रकाना ‘आपल्याकडे म्हणतात’ असा हवा. फोनवर कुणीच पूर्ण नाव घेत नाही, ‘तासगाववाले’ म्हणतात. शोधताना तेच नाव उपयोगी पडतं.

दुसरी खाच मालकाच्या मृत्यूची. एकट्या मालकाचा पॅन त्याच्याबरोबर संपतो. मुलगा दुकान पुढे चालवतो. तीच जागा, तीच पाटी, तोच माल, पण पॅन नवा आणि जीएसटी क्रमांक नवा. कायद्याने ही नवी पार्टी आहे, धंद्याच्या आठवणीत जुनीच. जुन्या लेजरचा जीएसटी क्रमांक पुसून त्यावर नवा टाकायचा मोह होतो. ते करू नका. जुनी बिलं जुन्या क्रमांकावर झालेली आहेत, उद्या परतीचा माल आला, क्रेडिट नोट काढायची झाली, की सगळं अडकेल. नवीन पार्टी उघडा, त्याच घराला जोडा, आणि ‘पूर्वीचा कोड’ आणि ‘बदलाची तारीख’ लिहून ठेवा. भागीदारीची कंपनी झाली तरी हेच. वीस वर्षांचा डीलर तुमच्या अहवालात ‘नवीन ग्राहक’ म्हणून दिसता कामा नये. त्याच्या घरी जाऊन आलेल्या माणसाला तसा अहवाल बघून वाईट वाटतं, आणि मग तो अहवाल बघणंच सोडून देतो.

शेतकऱ्यांचं मात्र सगळं वेगळं आहे. त्यांना बहुधा जीएसटी क्रमांक नसतो, आणि सर्व्हिस ॲपमधल्या नोंदींत सगळ्यात जास्त संख्या त्यांचीच असणार. लोक मोबाइल नंबरला ओळख मानतात. पण पंप गावात असतो आणि नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो. एका नंबरावर दोन चुलत्यांचे तीन पंप असतात. तुम्ही एक साधी तपासणी करा. सर्व्हिस ॲपमधले सगळे मोबाइल नंबर काढा, प्रत्येक नंबर किती ग्राहकांवर आहे ते मोजा, आणि सगळ्यात जास्त वेळा आलेले वीस नंबर बघा. मी एका ठिकाणी असं केलं तेव्हा सगळ्यात वरचा नंबर दहा वेळा नऊचा निघाला आणि दुसरा कंपनीच्याच सर्व्हिस इंजिनिअरचा. कारण विचारलं. ओटीपी टाकल्याशिवाय ॲपमध्ये तक्रार बंद होत नव्हती, आणि शेतकरी रानात, फोन घरी. मग इंजिनिअर स्वतःचा नंबर टाकून ओटीपी घ्यायचा. दिवसाला सात-आठ तक्रारी सोडवणाऱ्या माणसाने दुसरं काय करायचं? सक्तीच्या रकान्यात माणूस काहीतरी भरतोच. आम्ही तिथे ‘नंबर मिळाला नाही’ असा पर्याय दिला. रिकामे रकाने वाढले, पण जे भरलेले होते ते खरे होते.

शेतकऱ्यांच्या बाबतीत माझं स्पष्ट मत असं की माणूस जुळवण्याच्या मागे फार लागू नका. सर्व्हिससाठी तुमची खरी ओळख पंपाचा सीरियल नंबर आहे. तो कारखान्यात छापलेला असतो, बिलावरून कुठल्या डीलरला गेला ते कळतं, वॉरंटी त्याच्यावरच चालते. शेतकऱ्याचं नाव त्या पंपाला लटकलेलं असू द्या. पंप भावाला दिला तर नाव बदलेल, नंबर तोच राहील. आणि आधार क्रमांक ओळख म्हणून मागायचा विचार कुणी मांडला तर तिथेच थांबवा. पंपाच्या वॉरंटीला त्याची गरज नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा रोखही तोच आहे: ज्या कामासाठी माहिती घेता तेवढीच घ्या, आणि माणसाने दुरुस्ती मागितली तर ती करून द्या.

इथवरचं एका वाक्यात सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे: डीलरची ओळख पॅन आणि जीएसटी क्रमांकाने, डीलरांचं नातं घराने, शेतकऱ्याची ओळख पंपाने.

आता जुन्या नोंदी जुळवण्याचं काम. ज्यांचे जीएसटी क्रमांक जुळतात त्या आधी बाजूला काढा. राहतील त्या नोंदी नावावरून आणि पत्त्यावरून जुळवाव्या लागतील, आणि इथे मराठी नावांनी घाम फुटतो. बाजारातली बरीच साधनं इंग्रजी नावांवर वाढलेली आहेत. साउंडेक्स ही उच्चारावरून कोड बनवण्याची पद्धत अजून अनेक डेटाबेसमध्ये आहे. तिचं पेटंट अमेरिकेत १९१८ सालचं. ती पहिलं अक्षर तसंच ठेवते आणि पुढच्या व्यंजनांचे आकडे करते. त्यामुळे इंग्रजीत डब्ल्यूने लिहिलेला वाघ आणि व्हीने लिहिलेला वाघ तिच्या लेखी दोन वेगळी माणसं. वाणी, वाघमारे, वाडकर, सगळ्यांचं तेच. तुलना करण्याआधी आमच्याकडे एक छोटं रूपांतराचं कोष्टक चालवतो: डब्ल्यूचा व्ही, दोन ईचा आय, दोन ओचा यू, दोन एचा एक, पीएचचा एफ, आणि ज्ञच्या तीन-चार इंग्रजी स्पेलिंगचं एकच रूप. ‘मेसर्स’, ‘श्री’, ‘ट्रेडर्स’, ‘एजन्सी’, ‘प्रा. लि.’ वेगळ्या रकान्यात. यासाठी ओपनरिफाइन हे मोफत साधन मला आवडतं. त्यातली एक पद्धत विरामचिन्हं काढून शब्द अकारविल्हे लावते, त्यामुळे शब्दांचा क्रम उलटा लिहिला तरी नोंदी एका ढिगात येतात.

तुमच्या सर्व्हिस ॲपमध्ये देवनागरीत नावं असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. ‘कऱ्हाड’ हा शब्द संगणकावर दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवला जाऊ शकतो: नुक्ता असलेल्या र ने, किंवा साध्या र ला जोडणारं एक न दिसणारं चिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. शिवाय कुणी ‘कराड’ लिहिलेलं असतंच. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर तसाच उतरवला गेला असेल तर तो वाचताच येत नाही. तो आधी युनिकोडमध्ये फिरवून घ्यावा लागतो.

पत्त्यांत गावाचं नाव एकटं कामाचं नाही. वडगाव, पिंपळगाव, खानापूर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तालुका आणि पिनकोड हवाच. शहरांची नावं बदलली आहेत, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर, त्यामुळे एकाच शहराचे डीलर दोन नावांखाली विभागले जातात. मास्टरमध्ये नवीन नाव घ्या, जुनं नाव शोधण्यापुरतं ठेवा, आणि जुन्या बिलांना हात लावू नका. पिन तोच असतो, जोड त्याने लागते. फक्त पिनचीही एकदा मोजणी करा: ई-इनव्हॉइसला (सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाला) पिन आणि राज्य जुळावं लागतं, आणि अडलं की ऑपरेटर ज्याने काम होतं तो पिन टाकून मोकळा होतो. एकाच पिनवर भलतेच डीलर दिसले तर तो बहुधा तुमच्या स्वतःच्या कारखान्याचा पिन असतो.

नाव किती जुळलं याला गुण देताना एक जुनी, भक्कम कल्पना वापरा. कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या इव्हान फेलेगी आणि ॲलन सुंटर यांनी १९६९ मध्ये नोंदी जुळवण्याचं गणित मांडलं, त्यात दुर्मिळ गोष्ट जुळण्याला जास्त वजन मिळतं. आपल्याकडे हे लगेच पटतं. दोन नोंदींत ‘साई’ जुळलं किंवा ‘गणेश’ जुळलं तर काहीच सिद्ध होत नाही, प्रत्येक तालुक्यात एक असतं. एखादं अनवट आडनाव आणि तोच पिन जुळला तर जवळजवळ खात्री.

गुण लावल्यावर तीन ढीग होतील: नक्की एकच, नक्की वेगळे, आणि मधले. मधल्या ढिगाचा निकाल संगणकाला देऊ नका. चुकून एकत्र केलेल्या दोन पार्ट्या वेगळ्या करणं हे चुकून वेगळ्या राहिलेल्या दोन नोंदींपेक्षा कितीतरी महाग पडतं. एका कारखान्यात शेजारच्या दोन तालुक्यांतली एकाच नावाची दोन दुकानं एक समजून जोडली गेली होती. जर्नल नोंद घालून एकाचं येणं दुसऱ्याच्या खात्यात वळवलं होतं, तेही एकरकमी, बिलवार न लावता. त्यामुळे कुठलं बिल किती दिवसांचं हे सगळं पुसलं गेलं. वसुलीचा माणूस भलत्याच दुकानात जाऊन भलत्याचे पैसे मागून आला. तो दुकानदार पंधरा वर्षं वेळेवर पैसे देणारा होता, आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला हे ऐकावं लागलं. मालकांनी जाऊन माफी मागितली. खाती उकलायला तीन महिने गेले.

म्हणून माझा नियम: नोंदी जोडा, पुसू नका. एक साधं जोडकोष्टक करा. डाव्या रकान्यात तुमचा नवा, अर्थ नसलेला क्रमांक. त्यात राज्य, तालुका, डीलरचा प्रकार असलं काही भरू नका, कारण ते सगळं बदलतं. उजवीकडे त्या ग्राहकाचं टॅलीतलं नाव, सीआरएमचा आयडी, सर्व्हिस ॲपचा कोड, गोदामाच्या एक्सेलमधलं नाव. एकाच सिस्टिमचे दोन कोड असतील तर दोन ओळी. कुणी जोडलं, कधी, कशावरून, हेही लिहा. चूक निघाली तर ओळ तोडता येते, पैशाची नोंद हलत नाही. टॅलीतली जास्तीची लेजर नवीन बिलांसाठी बंद करा, बाकी वसूल होईल तशी ती आपोआप शून्यावर येतात. बाकी हलवायचीच असेल तर बिलवार हलवा आणि पार्टीकडून बाकी मान्य असल्याचं पत्र घ्या. जीएसटी क्रमांक वेगळे असतील तर लेजर कधीही एकत्र करू नका, घराच्या पातळीवर जोडा.

आता तुमचा मूळ प्रश्न: मास्टर कुठली सिस्टिम? उत्तर रकान्याप्रमाणे बदलतं. जीएसटी क्रमांक, कायदेशीर नाव, उधारीची मर्यादा हिशेब खात्याची. तिथे टॅली म्हणेल ते खरं. दुकानावर कोण बसतं, त्याचा मोबाइल, घराचं नातं विक्रीचं, तिथे सीआरएम. पंप कुठल्या विहिरीवर बसवलाय ते सर्व्हिसचं. आणि माल कुठे, कसा उतरवायचा ते गोदामाचं. गोदामाच्या एक्सेलला लोक सगळ्यात आधी कचरा म्हणतात. मी अशा एका एक्सेलच्या शेरा रकान्यात वाचलेलं सांगते: ‘मोठी गाडी आत जात नाही, नाक्यावर टेम्पोत घ्या. दुपारी एक ते चार बंद. हमाल आपला न्यावा लागतो.’ हे दुसऱ्या कुठल्याच सिस्टिममध्ये नव्हतं, आणि दहा वर्षं गाड्या पाठवणाऱ्या माणसाने ते एक एक करून लिहिलं होतं. ते मास्टरमध्ये घ्या, आणि त्या रकान्याचा मालक तोच माणूस राहू द्या.

‘शेवटी बदललेली माहिती खरी’ हा सरसकट नियम टाळा. कुणीतरी एक जुनी फाइल एका दिवशी एकदम चढवतो, आणि सगळ्या जुन्या पत्त्यांवर आजची तारीख पडते.

नवीन ग्राहकाचं दार सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण जुनी साफसफाई एकदा होते आणि नवीन पार्टी रोज येते. नवीन पार्टी उघडायचा अधिकार दोनच माणसांना द्या, एक हिशेबात, एक विक्रीत. उघडण्याआधी पॅनवर, मोबाइलवर आणि ‘आपल्याकडे म्हणतात’ या रकान्यात शोध. मग जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकून नाव, प्रकार आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते बघायचं; याला एक मिनिट लागतं. चुकीच्या क्रमांकावर बिल गेलं तर त्या डीलरच्या जीएसटीआर २बी मध्ये (खरेदीवर भरलेल्या कराचा पोर्टलवरचा उतारा) ते दिसत नाही, त्याला त्या कराचं क्रेडिट घेता येत नाही, आणि तो तुमचे पैसे थांबवतो. ई-इनव्हॉइस लागू असेल तर ती चोवीस तासांतच रद्द करता येते, त्यानंतर क्रेडिट नोट किंवा पुढच्या जीएसटीआर १ मध्ये (विक्रीचं विवरणपत्र) दुरुस्ती. दारातलं ते एक मिनिट वाचवून हे सगळं अंगावर घेऊ नये.

पण हे दार चार तासांच्या आत उघडलं पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये विहिरींचं पाणी खाली गेलं की डीलर पंपासाठी फोनवर फोन करतो. त्याला ‘दोन दिवसांनी कोड मिळेल’ म्हटलं तर विक्रीचा माणूस ‘कॅश पार्टी’ वर किंवा शेजारच्या डीलरच्या नावाने बिल करवून घेतो. त्याला दोष देऊ नका. त्याचं महिन्याचं टार्गेट त्या गाडीत असतं. त्या दोन माणसांपैकी एक कायम जागेवर असेल अशी सोय करा.

सॉफ्टवेअरचं सांगते. चार सिस्टिम, एक कारखाना आणि एका टेबलावर मावतील एवढे निर्णय घेणारे लोक असतील तर एमडीएमचं मोठं सॉफ्टवेअर घेऊ नका. एक साधा डेटाबेस, वर सांगितलेलं जोडकोष्टक, नवीन पार्टीचा एक फॉर्म आणि रोज रात्री चारही ठिकाणांहून येणारी यादी, एवढं पुरतं. इन्फर्मॅटिका किंवा सॅपचं मास्टर डेटा गव्हर्नन्स अशा मोठ्या एमडीएम सॉफ्टवेअरची गरज अनेक कारखाने, अनेक देश, वीस-पंचवीस सिस्टिम असतील तेव्हा पडते. पुढे सॅप एस/४ हानावर (सगळा कारभार एकत्र चालवणारं मोठं सॉफ्टवेअर) जायचा विचार असेल तर आतापासून एक लक्षात ठेवा: तिथे ग्राहक आणि पुरवठादार वेगळे नसतात, एकच बिझनेस पार्टनर आणि त्याच्या भूमिका असतात. तुमचा एखादा डीलर तुम्हाला तांब्याचं भंगारही विकत असेल किंवा तुम्हाला वाइंडिंगचं काम करून देत असेल. आजच दोन्ही बाजू एका क्रमांकाला जोडल्यात तर येणं आणि देणं एका ठिकाणी दिसेल, आणि त्या दिवशीचं स्थलांतर हलकं होईल.

या सगळ्याला एक माणूस लागतो. नवीन नेमणूक करू नका. तुमच्या हिशेब खात्यात अशी एक व्यक्ती नक्की असते, जिला फोनवरचा आवाज ऐकून पार्टी कळते. तिला दिवसातला एक तास अधिकृतपणे द्या, मधल्या ढिगाचा निकाल तिच्याकडे द्या, आणि तिने ‘हे दोन वेगळे आहेत’ म्हटलं तर मालकांनीही तो निकाल मानायचा. दर महिन्याला तीनच आकडे बघा: नवीन उघडलेल्या पार्ट्यांपैकी किती आधीच होत्या, किती जीएसटी क्रमांक रद्द झालेले निघाले, आणि मधल्या ढिगात किती शिल्लक आहेत.

कधी सुरू करायचं, हेही तुम्ही विचारलं होतं. मार्च टाळा; वर्षअखेर आणि तुमचा हंगाम एकाच वेळी असतो. पावसाळ्यात पंपाची विक्री मंदावते, जुलै ते सप्टेंबर हा काळ योग्य. नवीन पार्टीचं दार मात्र या सोमवारपासूनच बंद करून दोन माणसांच्या हाती द्या. आणि पहिल्या दिवशी टॅलीतून संड्री डेटर्सची (ज्यांच्याकडून येणं आहे त्या पार्ट्यांची) पूर्ण यादी जीएसटी क्रमांकासह काढा, पॅनचा रकाना कापा, पॅनवर लावा. दोनपेक्षा जास्त लेजर असलेले पहिले दहा पॅन घ्या, त्यांचं एकूण येणं आणि एकूण मर्यादा शेजारी शेजारी लिहा, आणि तो एक कागद मालकांच्या टेबलावर ठेवा. त्यावर ते काय म्हणतात ते मला कळवा, पुढचं तिथून बोलू.